एका गाईचं दूध

"पावडर नको लावूस तिला," मी वैजूला म्हटलं. "असल्या रंगाला पावडर लागत नाही. पावडर लागते ती तुझ्या-माझ्यासारखीला."

वैजू म्हणजे वैजयंता, माझी सून. पावडरचा डबा हातात धरून ती तशीच उभी राहिली. पाटावर माझी नात बसली होती. कस्तुरी. एक वर्ष आठ महिन्यांची. अंगात पिवळं परकर-पोलकं, पायात वाळे, गाल हे असे वर आलेले आणि रंग सायीसारखा.

"आत्याबाई, आज राहू द्या ना," वैजू म्हणाली. "सकाळपासनं गोठ्याच्या भिंतीचे पोपडे काढून खातीय. चार पावलं चालली की मटकन खाली बसती."

"माती सगळीच पोरं खातात. तुझा नवरा तर बुट्टीनं खायचा. आज मुंबईपर्यंत दुधाचा टँकर नेतोय."

"शालनबाई म्हणत होत्या की..."

"सकाळच्या पारी शालनचं नाव काढू नको माझ्यापुढं. आणि तू येऊ नकोस डेअरीत. गाया बघ."

"मी नको येऊ? सगळ्यांच्या आया येणार आहेत."

"तू शेजारी उभी राहिलीस तर पोरीचा रंग कुणाला खरा वाटायचा?"

खाली बसून तिनं पोरीच्या पायातला वाळा सारखा केला, आणि उगीचच दुसरापण केला.

त्या दिवशी आमच्या गावच्या दूध डेअरीत सुदृढ बालक स्पर्धा होती. पहिल्या नंबरला स्टीलची कळशी मिळणार होती. कळशा मला काय कमी होत्या? पण पहिल्या नंबरच्या पोराचा फोटो डेअरीच्या ऑफिसात लागणार होता. जिथं रोज दोन वेळा सगळा गाव किटल्या घेऊन रांगेत उभा राहतो, त्या भिंतीवर माझी नात. ते मला पाहिजे होतं.

का पाहिजे होतं ते सांगते. माझं नाव गोजराबाई. आईबापानं नाव गोजिरं ठेवलं आणि रंग तव्याच्या बुडाचा निघाला. लग्नात माझ्या सासूनं पदर वर करून माझं तोंड बघितलं आणि माझ्यासमोर माझ्या बापाला विचारलं, "ही उजेडात दाखवली नव्हती काय?" मांडवातल्या बाया हसल्या. पुढं मी एका गाईच्या सात गाया केल्या, गोठा बांधला, नवरा गेल्यावर पोरगा वाढवला, गावात माझ्या शब्दाला वजन आलं. पण ते हसणं माझ्या कानातून गेलं नाही. सून बघायला गेले तर पोरगा वैजूवरच अडून बसला, ती पण माझ्याच रंगाची. आणि नात झाली तर तीही काळीसावळी. बारशाला वैजूनं नाव सुचवलं कस्तुरी. मी म्हटलं, ठेवा, रंगाला शोभतंय.

सहा महिन्यांची झाल्यावर मी तिला दूध सुरू केलं. आमच्याकडं लहान पोराला एकाच गाईचं दूध द्यायची रीत आहे. आज हिचं, उद्या तिचं, असं केलं तर पोराला बाधतं म्हणतात. मी ढवळी नावाची गाय कस्तुरीसाठी ठेवली. तिचं दूध डेअरीत जायचं नाही. सकाळी धार काढल्यावर पहिला पेला कस्तुरीचा, मग नऊ वाजता, मग दुपारी, असा दिवसाला सव्वा लिटर. वर खडीसाखर. पोरगी दुधानं अशी टम्म भरायची की भाकरीचा तुकडा पुढं केला की तोंड फिरवायची. मला त्याचंच कौतुक. लोकांची पोरं भाकरीच्या तुकड्यासाठी रडतात, माझी नात तोंड फिरवती.

आणि वर्ष होता होता ती उजळायला लागली. खरंच उजळायला लागली. आधी तळहात, मग ओठ, मग कान. बाया वळून बघायच्या. "गोजराक्का, ही तुमच्या घरातली वाटत नाही बघा," असं म्हणायच्या. दुसरी कुणी असती तर रागावली असती. मी त्यांना चहा पाजायची.

वैजूचं माहेर माण तालुक्यातलं, सगळा उघडा माळ. तिकडं हुलगे पिकतात. त्या हुलग्याचं पीठ भाजून, पाण्यात शिजवून, लसूण-जिरं घालून पातळ पेज करतात, तिला माडगं म्हणतात. एकदा मी मळ्यातून लवकर आले तर वैजू गोठ्यामागं बसून पोरीला माडगं पाजत होती. चोरून. पोरगी वाटीत तोंड घालून पीत होती.

मी वाटी काढून घेतली आणि गव्हाणीत ओतली.

"दारात सात गाया असून माझी नात हुलगे पिणार? हुलगे बैलाला घालतात."

"शालनबाईंनी सांगितलं, आत्याबाई. पोरीचे डोळे आतून पांढरे दिसतात म्हणाल्या. दूध कमी करा आणि..."

शालन आमच्या गावची अंगणवाडीची बाई. दुसऱ्या दिवशी ती रस्त्यात भेटली तेव्हा मी तिला चार बायांच्या देखत विचारलं, "तुझ्या अंगणवाडीत खिचडी पातळ होती ती तांदूळ कमी पडतो म्हणून की घरी जास्त जातो म्हणून?" बिचारी रडत गेली. ती एक दाणा घरी नेणारी नव्हती, मला ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून तिनं माझा उंबरा चढला नाही, आणि मला तेच पाहिजे होतं.

तर स्पर्धेचा सोमवार. डेअरीच्या हॉलमध्ये वीस-बावीस पोरं होती. शालन दारात नावं लिहून घेत होती, माझ्याकडं तिनं मान वर करून बघितलं नाही. तराजूत कस्तुरी बसली तर साडेबारा किलो. सगळ्यांत जास्त. हॉलमध्ये कुजबुज झाली, आणि मी पदर सारखा केला.

डॉक्टरीण जिल्ह्याहून आली होती, एका दिवसापुरती. फॅट तपासायचं मशीन असतं त्या मागच्या खोलीत ती बसली होती, आणि एकेकाला आत बोलवत होती. कोवळीच होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं कस्तुरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. मी पण वाकून बघितलं. आत ताकासारखं पांढरं होतं. मग तिनं बोटाला सुई टोचली. पोरगी रडली, पण आवाज बारीक. डॉक्टरीण काचेची नळी उजेडाला धरून किती वेळ बघत बसली.

"आजी, हिला खायला काय देता?"

"खायला कशाला लागतंय? दूध पिती. सव्वा लिटर. घरचं, एका गाईचं, पाण्याचा थेंब न घातलेलं."

"आणि भाकरी? वरण? भाजी?"

"पोट भरल्यावर कशाला खाईल?"

"तेच तर," ती म्हणाली. "पोट भरतंय, रक्त भरत नाही. आजी, दुधात पुष्कळ काही असतं, पण रक्ताला लागतं ते लोह नसतं. वर्षाच्या पुढच्या पोराला दिवसाला दोन पेले दूध खूप झालं. तहान लागली तर पाणी. बाकी पोट जेवणानं भरायचं. घट्ट वरण, पालेभाजी, हुलगे, वर लिंबू पिळून."

"हुलगे बैलाला घालतात."

"म्हणून बैलाच्या अंगात रक्त असतं."

मला असं उत्तर कुणी देत नसे. मी म्हटलं, "बाई, जरा पोरीच्या रंगाकडं बघा. आजारी पोर असं उजळ असतं का?"

तिनं कस्तुरीचा तळहात माझ्या तळहातावर ठेवला. माझा काळा, आणि त्यावर तो मेणासारखा.

"हा रंग नाही, आजी," ती हळूच म्हणाली. "अंगातलं रक्त संपलं की माणूस असा दिसतो. हिला आजच्या आज तालुक्याच्या दवाखान्यात न्या. रक्त चढवावं लागेल. आता साधा ताप आला तरी हिच्या काळजाला झेपायचा नाही. हिची आई कुठं आहे?"

"घरी. गाया कोण बघणार?"

तिनं चिठ्ठी लिहिली. मी दुसरी शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचते, म्हणून तिनं माझ्यासाठी मराठीत लिहिली. तारीख आणि वार घातला, पोरीचं नाव घातलं, रक्ताचा आकडा घातला. ४.२. दूध दोन पेल्यांच्या वर देऊ नये. आजच दाखल करावे. ‘आजच’ला तिनं खाली रेघ मारली.

मी बाहेर आले. पहिला नंबर पुकारला तो वीटभट्टीवरच्या एका बाईच्या पोराला. काळं कुळकुळीत पोर, हातात भाकरीचा तुकडा, तो चघळत फोटोला उभं राहिलं.

घरी येताना पोरगी काखेत होती. तिचं काळीज माझ्या बरगडीवर असं वाजत होतं, जसं मुठीत कोंबडीचं पिल्लू धरलंय. ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाटेत एकीनं विचारलं, "काय गोजराक्का, नंबर आला का?" मी म्हटलं, "वशिल्याचा कारभार सगळा." आणि पाय उचलला.

वैजू दारात उभी होती. पोरीला घ्यायला तिनं आधीच हात पुढं केले होते.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

चिठ्ठी माझ्या चंचीत होती, सुपारी आणि कातामध्ये घडी घातलेली.

"दात यायचेत म्हणाली. सुळे. म्हणून किरकिरतीय."

"मग चालताना बसती ती?"

"अंगानं जड आहे म्हणून."

वैजूनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? खोटं बोलायची मला कधी गरज पडली नव्हती, मी तोंडावर बोलणारी बाई.

मी काय विचार केला होता तेही सांगते. बुधवारी भागवत, माझा मुलगा, टँकर घेऊन परत येणार होता. त्याच्याबरोबर मी गपचूप पोरीला तालुक्याला नेणार होते. दात दाखवायला नेते म्हणून सांगणार होते. मग कुणाला कळायचं कारण नव्हतं, की गोजराबाईच्या घरात, सात गायांच्या घरात, पोरीच्या अंगात रक्त नाही, आणि ते गोजराबाईच्या हातानं झालंय. दोन दिवसांचा तर प्रश्न. त्या रात्री मी चिठ्ठी उघडून तो आकडा परत वाचला. माझं आयुष्य डेअरीत गेलेलं. गाईच्या दुधाला चार पॉइंट दोन फॅट लागली, तर मशीनवरचा माणूस मान वर करून बघतो. मी मनाला म्हटलं, आकडा काही इतका वाईट नाही. डॉक्टरीण काय बोलली ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं, तरी म्हटलं. मनाची समजूत घालायला माणसाला काहीही पुरतं.

झोपायच्या आधी मी वैजूला म्हणाले, "तुझं ते माडगं उद्यापासनं कर वाटलं तर. पोरीच्या तोंडाला चव नाही."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी तिला सोन्याची पाटली काढून दिली.

मंगळवारी सकाळी उठल्या उठल्या तिनं हुलगे भाजून जात्यावर भरडले. माहेरची आठवण काढत काढत माडगं केलं. मला म्हणाली, "आत्याबाई, जरा चाखून बघा, लसूण जास्त झाला का?" मी नको म्हटलं. कस्तुरीनं दोन्ही हातांनी वाटी धरली आणि सगळं प्याली, नाकाला लागलं तरी प्याली. वैजू हसत होती. दुपारी परत, संध्याकाळी परत. दूध मी स्वतःच दोन पेल्यांवर आणलं. ढवळीचं उरलेलं दूध पहिल्यांदाच डेअरीत गेलं.

बुधवारी सकाळी धारा काढून झाल्या आणि वैजूची हाक आली. पोरीचं अंग तापलं होतं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. भागवत अजून आला नव्हता. डेअरीचा टेम्पो कॅन भरून तालुक्याला निघाला होता, त्यात आम्ही बसलो. कॅनच्या मध्ये वैजू, तिच्या मांडीवर कस्तुरी. टेम्पो हादरला की झाकणातून दूध उसळायचं आणि आमच्या पायांवर यायचं.

ओढ्याच्या पुलापाशी पोरीनं मान वळवली आणि टेम्पोच्या लोखंडी फळीला जीभ लावली. वैजूनं पदरानं तिचं तोंड पुसलं. "असं नाही करायचं, बाळा, घाण असते," म्हणाली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी ओढली आणि तसेच धावले. रक्ताची बाटली जिल्ह्याहून आणायला माणूस गेला. दहाच्या आत सगळं संपलं. तो माणूस अर्ध्या वाटेवर होता.

"पोरीच्या अंगात रक्तच नव्हतं हो," डॉक्टर म्हणाले. "निदान दोन दिवस आधी तरी आणायची. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"नाही हो," वैजू म्हणाली. "सोमवारीच तर डॉक्टरणीला दाखवली. दात येतायत म्हणाल्या. हो ना, आत्याबाई?"

मी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी अंगणात बाया बसल्या होत्या. वैजू भिंतीला टेकून होती, पोरगी पोपडे खायची त्याच गोठ्याच्या भिंतीला. मध्येच ती म्हणाली, "मीच मारली. हुलगे उष्ण असतात. मी पोटभर पाजले दिवसभर. त्यानंच रक्त आटलं तिचं. आत्याबाई कधीच्या नको नको म्हणत होत्या, मीच मागं लागले होते."

"दुधावरचं पोर," एक म्हातारी म्हणाली. "त्याला हुलगे कसे सोसावेत?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी काय बोलते त्यावर सगळं होतं. माझ्या हातात चंची होती. आत चिठ्ठी होती. मी चंचीतून सुपारी काढली, अडकित्त्यानं कातरली आणि तोंडात टाकली. तोंड भरलेलं असलं की माणसाला बोलावं लागत नाही.

वैजूला कुणी घालवून दिलं नाही. मी तिला कधी उलटून बोललेही नाही त्यावरून. उलट गावात माझं नाव झालं, की सासू असावी तर अशी, एवढं होऊन सुनेला शब्दानं दुखवलं नाही.

दोन वर्षांनी तिला मुलगा झाला. तेव्हापासून तिला ती सवय लागली. चमच्याभर वरणाचं पाणी द्यायचं असलं तरी वाटी घेऊन माझ्यापुढं यायची. "आत्याबाई, देऊ का?" लिंबूसरबत, ताक, उसाचा रस, साधं उकळलेलं पाणी, सगळ्याला, "आत्याबाई, देऊ का?" एकदा मी वैतागून म्हटलं, "श्वास घेऊ का तेही विचार." तर ती तशीच उभी, वाटी धरून, मी हो म्हणेपर्यंत. पोरगा मोठा झाला, शाळेत गेला, त्याला मिसरूड फुटली. तिनं विचारणं सोडलं नाही. आणि घरात परत कधी हुलगे शिजले नाहीत. माहेरून कुणी आणले तर ती ते तसेच बैलाच्या पुढं ठेवायची.

याला आता तीस वर्षं झाली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. त्या मुलाची मुलगी आहे आता, आर्वी, दीड वर्षाची. नातसून पंचायतीत कामाला जाते, पोर वैजूकडं असते. मी दिवसभर बाजेवर. दुपारी वैजू पेलाभर दूध घेऊन आली. पोरगी तिच्या पदराला धरून मागं. वैजूचे केस आता माझ्याइतके पांढरे झालेत.

"आत्याबाई, सकाळपासनं दोन वेळा झालंय. आणखी देऊ का? जेवण नको म्हणतीय."

मी पोरीकडं बघितलं. आमच्याच रंगाची आहे. गालावर बोट ठेवलं तर खाली लाल होतं.

"पेला खाली ठेव," मी म्हटलं. "आणि उशीखालची चंची दे."

तीस वर्षांत चंच्या तीन बदलल्या. चिठ्ठी प्रत्येकीत ठेवली. घड्यांवर फाटलीय, कातानं तांबडी झालीय, पण वाचता येते. वैजू सातवी शिकलेली. तिनं दाराच्या उजेडात जाऊन वाचली. वर तारीख आणि वार होता. तिनं तारखेवर बोट ठेवलं.

"सोमवार," ती म्हणाली.

"हो."

"माडगं मी मंगळवारी केलं."

"हो."

ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तीस वर्षं त्याची तयारी करून ठेवली होती, काय म्हणायचं, कसं म्हणायचं. त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही.

तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. मग आत गेली. डबे वाजले. बैलासाठी ठेवलेले हुलगे तिनं सुपात घेतले, निवडले, तव्यावर टाकले. भाजल्याचा वास माझ्या बाजेपर्यंत आला. मिक्सर फिरला. लसणाची फोडणी बसली. मग ती वाटी घेऊन बाहेर आली, उंबऱ्यावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि फुंकर घालून पहिला घोट पाजला.

मला विचारलं नाही.

पोरीची वाटी रिकामी झाल्यावर ती उठली. खाली ठेवलेला दुधाचा पेला तिनं उचलला आणि माझ्या हातात दिला.

"हे तुम्ही प्या," ती म्हणाली.

वर साय धरली होती. मी प्याले. ती समोर उभी राहून बघत होती, शेवटच्या घोटापर्यंत.